सारंगीशेजारचा ऑर्गन

ठाण्याच्या रंगायतनाला ज्यांचे नाव आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांना ‘एकच प्याला’ रंगभूमीवर पाहता आले नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी ते गेले. २० फेब्रुवारीला गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात पहिला प्रयोग केला. याच मंडळीने संगीत नाटकाच्या साथीतले एक संक्रमण जगून दाखवले. कादरबक्षांची सारंगी, अहमदजान थिरकवांचा तबला आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन असा तिचा संच होता. जुने वाद्य आणि नवे वाद्य एकाच साथीत नांदत होते.

ऑर्गन म्हणजे पायपेटी. हातपेटीत भात्याची हवा दाबाने पितळी रीडमधून बाहेर पडते. अमेरिकी घडणीच्या ऑर्गनमध्ये उलटे: पायाने भाता चालवला की हवा आत ओढली जाते. त्यामुळे आवाज मऊ आणि भरीव येतो. शिवाय डावा हात भात्यावर अडकत नाही; दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात. ध्वनिवर्धक नसलेल्या नाट्यगृहात गायक नटाला असा आधार हवाच होता.

पण त्याची किंमत होती. पट्ट्यांचे बारा स्वर ठरलेले. दोन स्वरांमधली मींड त्यांतून निघत नाही. याच कारणावरून पेटीवर कठोर टीका झाली आणि १९४० पासून सुमारे तीन दशके तिला आकाशवाणीवर बंदी होती. गंधर्वांच्या साथीत मात्र ही उणीव सारंगी भरून काढी. ऑर्गन सुराची बैठक देई, सारंगी गळ्यामागे जाई. म्हणून त्या दोघांचे शेजारपण ही केवळ जुन्या-नव्याची सरमिसळ नव्हती. ती कामाची वाटणी होती.

पुढे रंगभूमीवरून सारंगी मागे पडली, ऑर्गन राहिला. १९६३ मध्ये ‘मंदारमाला’ आले. त्याचे संगीत करणारे पंडित राम मराठे ठाणेकर. पण त्याआधीच अमेरिकेत ऑर्गन घडवणारे बहुतेक जुने कारखाने बंद पडले होते. आता ठाणे, डोंबिवली वा कल्याणच्या नाट्यगृहात ऑर्गन नेणे म्हणजे एक जड लाकडी कपाट टेम्पोत चढवणे. कीबोर्ड काखेत मारून नेता येतो.

सोयीला दोष देऊ नये. ऑर्गनही एकेकाळी परकाच होता. पण उरलेले ऑर्गन संग्रहालयात ठेवून भागणार नाही. भाता न वापरता ठेवला की कडक होतो, रीडवर धूळ बसते. हे वाद्य वाजत राहिले तरच टिकते; आणि गायकामागे सूर कसा धरायचा, ही हरिभाऊंच्या पिढीची विद्याही तशीच.