कान वाजतात? कानाचं मशीन काय करू शकतं आणि काय नाही

इशाची नमाज झाली, घरातले दिवे बंद झाले, की काही जणांच्या कानात आवाज सुरू होतो. कुणाला शिट्टीसारखा, कुणाला रातकिड्यांसारखा, कुणाला कुकरमधून वाफ सुटावी तसा. बाहेर काहीच वाजत नसतं. शेजारी झोपलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही. याला आपण ‘कान वाजणं’ म्हणतो, उर्दूत ‘कान बजना’. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात आणि मराठी पुस्तकांत कर्णनाद असा शब्द आहे.

आपल्या घरांत यावर ठरलेली उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं, “कोणीतरी तुमची आठवण काढतंय.” कुणी म्हणतं, “वय झालं, सब्र करा.” आणि हल्ली कुणीतरी सांगतं, “कानाचं मशीन लावा, आवाज जाईल.” हे शेवटचं उत्तर अर्धं खरं आहे. ते पूर्ण खरं समजून मशीन घेतलं की महिन्याभरात निराशा होते आणि मशीन कपाटात जातं. म्हणून आधी नीट समजून घेऊ.

आवाज येतो कुठून?

आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक छोटा अवयव असतो. त्यात प्रत्येक कानात साधारण १५ हजार नाजूक केसपेशी असतात. बाहेरचा आवाज पकडून मेंदूकडे पाठवायचं काम त्या करतात. वय, सततचा मोठा आवाज, कानाचे आजार, जेंटामायसिनसारखी काही इंजेक्शनं किंवा कॅन्सरवरची काही औषधं यांमुळे त्या मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.

बहुतेक वेळा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ हे वर्ण याच पट्टीतले. म्हणून बुजुर्ग म्हणतात, “ऐकू येतं, पण कळत नाही.” बाहेरून आवाज कमी येऊ लागला की मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसताना आवाज मोठा केला की खरखर वाढते, तसंच काहीसं होतं. ती खरखर म्हणजे कान वाजणं. त्यामुळे कान वाजणाऱ्या बहुतेकांची ऐकण्याची शक्ती थोडीफार कमी झालेली आढळते, मग ती त्यांना स्वतःला जाणवत असो वा नसो.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात प्रौढांपैकी साधारण १४ टक्के लोकांना हा त्रास असल्याचं दिसलं. त्यातल्या बहुतेकांना तो सौम्य असतो. शंभरात दोघा-तिघांना मात्र तो फार छळतो.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी इथल्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत, ही मर्यादा साधारणपणे मानली जाते. त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. जुन्या धोट्याच्या लूमच्या शेडमध्ये आवाज ९० च्या वर सहज जातो. वडिलांचे कान गेले असतील तर मुलाने आजपासून कानात प्लग घालावेत. मशीनची वेळ येऊ न देणं हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे.

मशीन काय करतं?

श्रवणयंत्र कानातला आवाज पुसून टाकत नाही. ते बाहेरचे हरवलेले आवाज परत आणतं. पंख्याची घरघर, रस्त्यावरची वर्दळ, स्वयंपाकघरातली भांडी, नातवंडांची बडबड पुन्हा ऐकू येऊ लागली की मेंदूला आतला आवाज वाढवायची गरज कमी पडते. आतला आवाज या सगळ्यांत मिसळतो आणि लक्ष त्याच्यावरून हटतं. शिवाय समोरचा काय बोलतोय हे समजायला दिवसभर जो जोर लावावा लागतो तो कमी होतो. थकवा आणि चिडचिड कमी झाली की कान वाजणंही कमी बोचतं.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शनातही हेच आहे: ऐकू कमी येत असेल आणि कान वाजण्याचा त्रास टिकून असेल, तर श्रवणयंत्राचा विचार व्हावा. त्याच मार्गदर्शनात जिंकगो, झिंक, मेलाटोनिन यांसारख्या गोळ्या या त्रासासाठी देऊ नयेत असंही म्हटलं आहे.

काही यंत्रांत पावसाच्या किंवा लाटांच्या सळसळीसारखा मंद आवाज सोडायची सोय असते. काहींना ती आवडते. पण २०१८ साली झालेल्या एका मोठ्या आढाव्यात अशी सोय असलेलं यंत्र साध्या यंत्रापेक्षा सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही. तेव्हा फक्त त्या सोयीसाठी जास्तीचे पैसे देण्याआधी दोनदा विचार करा.

आणि मशीन काय करत नाही? ते आजार बरा करत नाही. रात्री काढून ठेवलं की आवाज पुन्हा जाणवू शकतो. ऐकण्याची शक्ती पूर्ण चांगली असेल तर सहसा मशीन हा पहिला उपाय नसतो. आणि काही जणांना फरक पडतच नाही. म्हणून विकत घेण्याआधी वापरून बघणं गरजेचं.

आधी डॉक्टर, मग दुकान

पहिली भेट कान-नाक-घसा तज्ज्ञांची. कधी कधी कानात नुसता मळ साचलेला असतो आणि तो काढला की आवाज थांबतो. पडदा, कानातला पू, रक्तदाब, चालू औषधं हे सगळं पाहून झालं की ऑडिओलॉजिस्ट बंद खोलीत ऐकण्याची तपासणी करतात.

पुढील लक्षणं असतील तर दिवस घालवू नका:

– एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं. याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. उपचार लवकर सुरू झाले तरच फायद्याची आशा जास्त असते.
– फक्त एकाच कानात आवाज येतो.
– आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडतो.
– सोबत गरगरतं, चेहरा वाकडा होतो किंवा कानातून पू येतो.

कानात गरम तेल, लसणाचं तेल, काडी, पिन काहीही घालू नका. पडद्याला भोक असेल तर नुकसान वाढतं.

मशीन घेताना

१. ऑडिओलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका.
२. ऑनलाइन हजार-पंधराशेला मिळणारं ‘आवाज वाढवणारं’ यंत्र आणि श्रवणयंत्र यांत फरक आहे. पहिलं बहुधा सगळेच आवाज सरसकट वाढवतं. दुसरं तुमच्या तपासणीच्या आलेखाप्रमाणे, जे कमी ऐकू येतं तेवढंच वाढवायला सेट करता येतं.
३. कान वाजतात हे ऑडिओलॉजिस्टला आवर्जून सांगा. त्याप्रमाणे सेटिंग बदलता येतं. बारीकसारीक आवाज दाबून टाकणारं सेटिंग अशा वेळी अडचणीचं ठरू शकतं.
४. जाड आवाज चांगले ऐकू येत असतील तर कान पूर्ण बंद करणाऱ्या साच्यापेक्षा छिद्रांची मऊ टोपी बरी. कान बंद झाला की स्वतःचा आवाज घुमतो आणि आतला आवाज जास्त जाणवतो.
५. किंमत काही हजारांपासून लाख-दोन लाखांपर्यंत जाते. महागडं म्हणजे तुमच्यासाठी चांगलं असं नाही. काही दिवस वापरून बघायला देतात का, बिघडल्यास दुरुस्ती गावाजवळ होते का, हे विचारा.
६. सेल रंगावरून ओळखतात: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल बसवावा.

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. ही केंद्र सरकारची संस्था १९८३ साली सुरू झाली. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या नवाब अली यावर जंग यांचं नाव तिला दिलेलं आहे. तिथे तपासणी होते, यंत्रही बसवून मिळतं. केंद्राच्या एडिप योजनेत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि उत्पन्नाची अट असते. हे प्रमाणपत्र ऐकण्याच्या कमतरतेवर मिळतं, नुसतं कान वाजण्यावर नाही. ६० वर्षांवरील गरीब ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना साधनांसाठी ३ हजार रुपये देण्याची तरतूद २०२४ साली झाली. त्यात श्रवणयंत्रही येतं. अर्जाची सध्याची स्थिती समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

पहिले दोन महिने

खरी परीक्षा इथे असते. आमच्या घरात अब्बांचं मशीन चार महिने कपाटात पडून होतं. पहिल्याच दिवशी आम्ही त्यांना ते लावून वलिम्याला नेलं. ताटल्यांचा खणखणाट, स्पीकर, दोनशे माणसांचा गलका. त्यांनी अर्ध्या तासात ते काढून खिशात टाकलं आणि कुणाचं ऐकलं नाही. चूक आमची होती.

पहिला आठवडा घरात, शांततेत, रोज दोन-तीन तास लावा. मग हळूहळू वेळ वाढवा. नंतर अंगण, बाजार, मशीद. लग्न-समारंभ सगळ्यात शेवटी. स्वतःचा आवाज सुरुवातीला विचित्र वाटतो, पाण्याचा नळ कर्कश वाटतो. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. काय खटकलं ते वहीत लिहून ठेवा आणि सेटिंग बदलून घ्यायला दोन-तीनदा परत जा. नंतर मशीन जागेपणी शक्य तितका वेळ कानात हवं. फक्त पाहुणे आले की लावलं, तर कान वाजण्यावर फारसा उपयोग होत नाही.

घरच्यांनी ओरडून बोलू नये. समोर येऊन, चेहरा दिसेल असं, सावकाश बोलावं. आणि “मशीन लावलंय ना, तरी ऐकू येत नाही?” हे वाक्य तर अजिबात नको.

वुजू, नमाज, रोजा

दिवसातून पाच वेळा मशीन काढा-घाला करायचं म्हणून कितीतरी बुजुर्ग ते लावणंच सोडतात. थोडी शिस्त लावली की हे जमतं. वुजूआधी मशीन काढून छोट्या डबीत, डबी खिशात. हौजाच्या कठड्यावर कधीही ठेवू नका. मसह झाल्यावर कान आणि बोटं कोरडी करून मगच मशीन लावा. शक्य असेल तर वुजू घरूनच करून निघा. गुस्लच्या वेळी मशीन बाहेरच्या खोलीत राहू द्या. पावसाळ्यात आणि घामाच्या दिवसांत रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

तकबीरला हात कानाजवळ नेले की काही मशीन शिट्टी वाजवतात. टोपी किंवा दुपट्टा मशीनवर घट्ट बसला तरी शिट्टी किंवा खसखस येते. टोपी थोडी वर घ्या, दुपट्टा सैल ठेवा. तरीही थांबत नसेल तर ऑडिओलॉजिस्टला टोपी किंवा दुपट्टा घालूनच दाखवा. सजद्यात मशीन घसरत असेल तर दोरीची क्लिप मिळते. मशिदीत स्पीकरच्या खाली नको, इमामसाहेबांच्या जवळच्या सफमध्ये बसा.

रमजानमध्ये कानात औषधाचे थेंब टाकण्याबाबत उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. डॉक्टरांना विचारून थेंबांची वेळ इफ्तारनंतर आणि सहरीआधी ठरवून घ्यावी. मशीन लावण्याने शरीरात काही जात नाही.

रात्र आणि मन

झोपताना मशीन काढायचं, म्हणून खोली अगदी नि:शब्द ठेवू नका. पंखा किंवा मंद आवाजातला रेडिओ चालू द्या. काळजी आणि कान वाजणं एकमेकांना वाढवतात. झोप उडाली असेल, मन खचलं असेल तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. विचारांची सवय बदलणारी सीबीटी ही पद्धत या त्रासात उपयोगी ठरते. सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर मोफत फोन करता येतो.

इलाज करणं तवक्कुलच्या विरुद्ध नाही. अब्बांचे कान आजही वाजतात, पण फजरला इमामसाहेबांची किरात त्यांना पुन्हा समजते, आणि अल्हमदुलिल्लाह, ते मशिदीत जायचे थांबलेले नाहीत. तुमच्या घरातही एखादं मशीन कपाटात पडलं असेल, तर या आठवड्यात ते बाहेर काढा आणि सेटिंगसाठी ऑडिओलॉजिस्टकडे घेऊन जा.