कीर्द, खतावणी आणि काफ्का

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एका रात्री आमच्या सिस्टीमने काही ग्राहकांना एकाच ऑर्डरचा परतावा दोनदा दिला. चूक माझ्या कोडमध्ये होती आणि ती लक्षात आली पाचव्या दिवशी. डेटाबेसमध्ये फक्त शेवटची शिल्लक दिसत होती. ती तशी का झाली, ते काफ्काच्या लॉगमध्ये ओळीने लिहिलेलं होतं. तो वाचताना प्रश्न पडला, की ही पद्धत आली कुठून?

गोष्ट २०१०च्या आसपासची, लिंक्डइनमधली. तिथे 'लिओ' नावाचं एकच अवाढव्य ॲप्लिकेशन होतं. ते फोडून लहान लहान सर्व्हिसेस करणं चालू होतं. पण फोडलेल्या तुकड्यांना एकमेकांचा डेटा लागतोच. सर्च, हडूप, मॉनिटरिंग, प्रत्येकासाठी वेगळी पाइपलाइन. दहा सिस्टीम्सनी एकमेकींना डेटा द्यायचा म्हटलं, तर नव्वद वाटा होतात.

जे क्रेप्स, जुन राव आणि पुण्याच्या पीआयसीटीत शिकलेल्या नेहा नारखेडे यांनी यावर काढलेला उपाय तसा जुनाच होता. डेटाबेस बंद पडला तर सावरता यावं म्हणून आतल्या आत एक लॉग ठेवतात. यांनी तो लॉग बाहेर आणून मध्यभागी ठेवला. घडलेली प्रत्येक घटना त्याच्या शेवटी लिहायची. ज्याला हवी त्याने आपापल्या गतीने वाचायची. जुन्या क्यूमध्ये मेसेज वाचला की सहसा निघून जायचा. इथे वाचल्याने काहीच पुसलं जात नाही. लिहिण्यात तरबेज सिस्टीम, म्हणून क्रेप्सनी तिला आपल्या आवडत्या लेखकाचं, काफ्काचं नाव दिलं. २०११मध्ये ती ओपन सोर्स झाली. २०१९मध्ये एकट्या लिंक्डइनवर तिच्यातून दिवसाला सात लाख कोटी मेसेज जात होते.

आपल्याकडच्या हिशेबनिसाला यात नवल वाटलं नसतं. कीर्दीत व्यवहार घडतील त्या क्रमाने लिहायचे, खतावणीत ते खात्यांप्रमाणे मांडायचे. खतावणी हरवली तर कीर्दीवरून पुन्हा उभी करता येते. नुसत्या शिलकेवरून मात्र कीर्द लिहिता येत नाही. डेटाबेसचं टेबल म्हणजे खतावणी, काफ्का म्हणजे कीर्द. आणि कीर्दीत खाडाखोड चालत नाही; चुकलं तर उलटी नोंद करायची.

या सोयीची किंमतही आहे. वाचणाऱ्याने कुठपर्यंत वाचलं, याची खूण त्यानेच ठेवायची असते. माझ्या सर्व्हिसने परतावे दिले आणि खूण करण्याआधीच ती बंद पडली. पुन्हा सुरू झाल्यावर तिने त्याच नोंदी परत वाचल्या आणि परत पैसे दिले. २०१७मध्ये काफ्कात 'एकदाच आणि नक्की' ही हमी आली खरी, पण ती काफ्काच्या आतपुरती. बाहेर बँकेकडे गेलेली विनंती तिच्या कक्षेत येत नाही. प्रत्येक परताव्याला क्रमांक देऊन, तो आधी दिलाय का हे आपणच तपासावं लागतं. ते मी केलं नव्हतं.

पण आता आठवतं ते वेगळंच. ही कीर्द कायमची नसते. सेटिंग बदललं नाही, तर काफ्का नोंदी सात दिवसच ठेवतो. आम्ही पाचव्या दिवशी जागे झालो. आठव्या दिवशी झालो असतो, तर पैसे दोनदा गेल्याचं कळलं असतं, पण का गेले ते सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी कोड दुरुस्त केला. त्याआधी, त्याच रात्री, आमच्या टीम लीडने तो सातचा आकडा बदलला.