गेलेले चित्र, राहिलेली भिंत

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा आपल्या चिटणीसबाईंनी आग्रह धरला. मी सातवी शिकलेली बाई, काय लिहिणार? पण भाच्याने सांगितलेली एका चित्राची हकीकत कितीतरी दिवस मनात घोळते आहे. तीच मैत्रिणींना सांगते.

इटलीत व्हेनिस म्हणून पाण्यात वसलेले शहर आहे. तिथल्या एका बेटावर ख्रिस्ती साधूंचा मठ आहे. त्या मठाच्या भोजनगृहासाठी पाओलो व्हेरोनेझे या चित्रकाराने १५६३ साली लग्नाची एक पंगत रंगवून पुरी केली. बावीस फूट उंच आणि साडेबत्तीस फूट रुंद! काना गावच्या लग्नात द्राक्षाचे मद्य ऐन जेवणात संपते आणि येशू पाण्याचे मद्य करतो, अशी बायबलातली कथा आहे. मद्य संपल्याचे प्रथम लक्षात येते ते त्याच्या आईच्या. (दुसऱ्या कोणाच्या येणार?) चित्रात शंभरावर माणसे आहेत, वाजंत्री आहेत, कुत्री आहेत, एक बाई तर दात कोरते आहे. खाली साधू जेवत आणि वर ही पंगत चालू.

१७९७ साली नेपोलियनच्या फौजेने चित्र भिंतीवरून उतरवले, कापून तुकडे केले आणि पॅरिसला नेले. पुढे नेपोलियन पडला, लुटलेली पुष्कळ चित्रे परत गेली, पण हे फार मोठे, हलवले तर बिघडेल, असे सांगून फ्रेंचांनी बदली दुसरेच चित्र पाठवले. पाटल्या मागाव्यात आणि हातावर वाटी ठेवावी, तशातली गत! भिंत मात्र ओकीबोकी राहिली.

२००६ साली माद्रिदच्या एका कार्यशाळेचे कारागीर पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गेले. झेरॉक्सच्या दुकानात काचेवर कागद ठेवून प्रत काढतात, तसलेच त्यांचे यंत्र, पण उभे, खांबावर वरखाली सरकणारे. चित्राला स्पर्श न करता, संग्रहालय बंद असताना, त्यांनी पट्टा पट्टा करून सारे चित्र टिपून घेतले. मग कापडावर खळीसारखा पांढरा लेप देऊन त्यावर यंत्राने रंग छापले आणि सांधे हातांनी रंगवून जुळवले. ११ सप्टेंबर २००७ रोजी, म्हणजे चित्र नेले त्याला बरोबर दोनशे दहा वर्षे झाली त्या दिवशी, ही प्रत त्या जुन्या भिंतीवर चढली.

नकल ती नकलच, असे मी भाच्याला म्हटले. तो म्हणाला, "मामी, अस्सल चित्र जिथे आहे तिथे समोरच मोनालिसा आहे. लोक याच्याकडे पाठ करून तिलाच पाहतात. आणि मठातल्या खिडक्यांचा उजेड त्याला पॅरिसात कुठून मिळणार?" मला उत्तर सुचले नाही.

आमच्या घरच्या वाटण्या झाल्या, तेव्हा माजघरातला सासूबाईंच्या लग्नाचा फोटो मोठ्या दिरांकडे गेला. भांडण नव्हते, वाटणीच तशी झाली. पण सासूबाई येता-जाता त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत. या दिवाळीत भाच्याने तो फोटो यंत्रावर टिपून, मोठा छापून आणला. वाळवीने खाल्लेला कोपरा त्याला भरून काढता आला असता, सासूबाईंनीच नको म्हटले. फोटोतल्या नथीवरून त्यांनी बोट फिरवले.

"हा तो नव्हे," त्या म्हणाल्या.

मी मनातून खट्टू झाले. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "खिळा तोच आहे ना?"

"तोच आहे, आई."

"मग लाव. जरा डावीकडून वर घे."