बापूआजाचा वाटा

आमच्या आजीचं माहेर महानुभावांचं. तिथून रिद्धपूर बैलगाडीनं एका दिवसाच्या वाटेवर, म्हणून गोविंदप्रभूंच्या लीळा तिनं पोथीत पाहण्याआधी आपल्या आईच्या तोंडून ऐकलेल्या. जेवणं उरकली की कंदिलाची वात बारीक करून ती त्या आम्हाला सांगायची. तेराव्या शतकातलं रिद्धपूर आणि त्या गावात मनाला येईल तसे हिंडणारे गुंडम राऊळ, म्हणजेच गोविंदप्रभू. कुणाच्याही घरात शिरावं, भांड्यातलं उचलून खावं, पोरांत खेळावं, मूर्तीशी बोलावं. अस्पृश्य मानलेल्यांच्या घरीही तितक्याच मोकळेपणानं जावं आणि उरलेल्या गावाला पेचात पाडावं. गाव त्यांना वेडे म्हणे आणि अडीनडीला त्यांनाच मायबाप म्हणून हाक मारी. म्हाइंभटांनी या आठवणी गोळा करून लिहिलेलं गोविंदप्रभूंचं चरित्र मराठीतल्या अगदी आरंभीच्या गद्यात मोडतं.

पंथाच्या श्रद्धेत ते परमेश्वराचे अवतार. त्यांच्या वागण्याला आजचं एखादं वैद्यकीय नाव चिकटवण्याचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. मला त्या चरित्रातलं गाव महत्त्वाचं वाटतं. ते गाव रागावतं, हसतं, कधी दार लावून घेतं, पण आपल्या रीतीनं न चालणाऱ्या माणसाला वेशीबाहेर काढत नाही. त्याच्यासाठी रोजच्या व्यवहारात जागा करतं.

आजी हे सांगत असायची तेव्हा बापूआजा तिच्या पायाशी बसलेला असायचा.

बापूआजा म्हणजे आजीचा धाकटा दीर. आजी लग्न होऊन आली तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता आणि समज चार-पाच वर्षांच्या मुलाची होती. पुढे केस पिकले तरी ती तेवढीच राहिली. आजी त्याला शेवटपर्यंत ‘भावजी’ म्हणाली. “भावजीले देवानं घाई देल्लीच नाही,” असं ती म्हणायची आणि तेवढ्यानंच आम्हा मुलांना तो कळायचा. सकाळी तो आखरावर जाऊन उभा राहायचा. गावाची ढोरं तिथं जमत, गायकी, म्हणजे गुराखी, ती घेऊन रानात जाई, बापूआजा त्याच्या मागोमाग. त्याला दहापर्यंत मोजता येत नसे. पण संध्याकाळी ढोरं परतली की कुणाची गाय मागे राहिली, हे तोच पहिल्यांदा सांगे. न्हावी घरच्या पुरुषांबरोबर त्याचीही दाढी करायचा आणि सुगीला खळ्यावर बलुतं घेताना ती धरूनच घ्यायचा. पोळ्याला एका बैलाचा कासरा त्याच्या हातात असे. बाजारात कुणी त्याला फसवलं, तर दुसरा दुकानदार त्या माणसाला झापत असे.

गावाकडचे म्हातारे इथपर्यंतच सांगतात आणि मग ‘पूर्वी कसं होतं बघा’ म्हणून सुस्कारा टाकतात. आजी तिथं थांबत नसे. शेजारच्या आळीत अशीच एक मुलगी होती. थोरल्या बहिणीला पाहायला पाहुणे आले की हिला मागच्या कोठीत घालून कडी लावायचे. पुढे पाहुणे नसतानाही कडी तशीच राहू लागली. ती कधी आखरावर दिसली नाही, पोळ्याला दिसली नाही. ती कशी गेली हेही गावाला उशिरा कळलं. बापूआजा पुरुष होता आणि त्याच्या नावामागे जमीन होती, म्हणून गाव त्याचं होतं. सालदाराच्या घरात असं मूल जन्मलं तर त्याच्या वाट्याला काय येई, हेही आजीनं पाहिलं होतं. आईबाप वेचणीला गेले की ते खाटेच्या पायाला बांधलेलं असायचं.

आणि ज्या घरानं बापूआजाला सांभाळलं, त्या घरात ते काम कोण करत होतं? आजी. त्याला न्हाऊ घालणं, झटका आला की दातांखाली येणारी जीभ सांभाळत कुशीवर वळवणं, रात्री अंथरूण बदलणं. कुटुंब सांभाळतं, असं आपण सहज म्हणतो. त्याचा अर्थ बहुतेक घरांत एक बाई सांभाळते असा असतो, आणि तिला रजा नसते. म्हातारपणी आजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची, “माह्यामांगं याचं कोन करन?”

वाड्याची वाटणी झाली तेव्हा भाऊबंदांनी या प्रश्नाला आपल्या परीनं उत्तर दिलं. बापूआजाच्या हिश्शाचं शेत त्याला ठेवून घेणाऱ्याकडे राहील, असं ठरलं. वऱ्हाडात अशा वाटण्या अनेक घरांत झाल्या. कुणी त्या इमानानं पाळल्या, कुणी शेत ठेवून घेतलं आणि माणसाला ओसरीच्या कोपऱ्यात टाकलं. विचारणारं कुणी नव्हतं.

सरकारदरबारी तर अशा माणसाला वेगळं स्थानच नव्हतं. १९१२ च्या कायद्यानं जन्मापासून बुद्धीची वाढ मंद असलेला माणूस आणि मनाचा आजार जडलेला माणूस एकाच व्याख्येत बसवले होते. आमच्याकडे बापूआजानं फार हट्ट केला की कुणीतरी ‘नागपूरला धाडू’ म्हणायचं. तिथलं मनोरुग्णालय १८६४ सालचं. त्या एका वाक्यात उंच भिंती होत्या, हे त्यालाही कळायचं आणि तो गप्प व्हायचा. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मतिमंदत्व त्या व्याख्येतून बाहेर काढलं, पण तो कायदा लागू व्हायला १९९३ उजाडलं.

या मधल्या काळात पहिली पावलं आईबापांनी टाकली. मुंबईत जय आणि होरमसजी वकील या दांपत्याची मुलगी डाउन सिंड्रोम घेऊन जन्मली होती. तिच्यासाठी त्यांनी १९४४ मध्ये आपल्या घरातच शाळा सुरू केली. पुण्यात १९६४ मध्ये कामायनी ही शाळा उभी राहिली. हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष शाळा निघाल्या. पण शाळा संध्याकाळी सुटते आणि वयाच्या अठराव्या वर्षी कायमची सुटते. त्यापुढचं सारं आयुष्य पुन्हा आईच्या पदरी.

भिंतींच्या आत काय होऊ शकतं, हे महाराष्ट्रानं १९९४ च्या फेब्रुवारीत पाहिलं. शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या काही मतिमंद तरुणींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण पुढे केलं गेलं. देशभर संताप उसळला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. ही बातमी वाचताना मला कोठीतली ती मुलगी आठवली. कोठी घराची असो की सरकारची, आतल्या बाईच्या देहाचा निर्णय बाहेरचेच घेत होते.

त्याच वर्षी पुण्याजवळ मुळशी तालुक्यात, कोळवणला, साधना व्हिलेज सुरू झालं. प्रौढ मतिमंद माणसं तिथं छोट्या छोट्या घरांत राहतात. प्रत्येक घराला सांभाळणारी गृहमाता असते. स्वयंपाकात हातभार, भाजीचा मळा, हातकाम असा दिवस जातो, आणि आजूबाजूच्या गावांशी संस्थेचं कामाचं नातं आहे. युरोपातल्या कॅम्पहिल वस्त्यांपासून घेतलेली ही कल्पना कोळवणच्या मातीत रुजली, कारण ती गावातल्या जगण्याशी जुळणारी होती. बदलापूरचं ‘आधार’ आणि डोंबिवलीजवळच्या खोणीचं ‘घरकुल’ पालकांनी एकत्र येऊन उभं केलं. ज्या प्रश्नानं आजीची झोप उडवली, तोच प्रश्न घेऊन ही माणसं एकमेकांना शोधत आली होती.

ज्यांना आईबापच नाहीत त्यांचं उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी रेल्वे स्थानकावर, बसस्टँडवर, उकिरड्यावर टाकून दिलेली दिव्यांग मुलं आणून वाढवली. शंभराहून अधिक मुलांच्या नावापुढे बाप म्हणून त्यांचं नाव लागलं. त्यांनी या मुलांकडून तिथं झाडं लावून जगवून घेतली. कायदा बालगृहाला अठरा वर्षांची मर्यादा घालतो. ही मुलं अठराची झाली की जाणार कुठं, हा प्रश्न ते वर्षानुवर्षं सरकारला विचारत आले आणि बेवारस दिव्यांगांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा मागत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मी म्हणते, त्यांचा खरा सन्मान तो कायदा होण्यात आहे.

काही गोष्टी बदलल्या आहेत, आणि त्या साध्या नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी पालक नेमण्याची सोय केली. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीत एक नोंदणीकृत संस्था असते, एक दिव्यांग व्यक्ती असते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांच्या आत त्या माणसाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब. आमच्या वाटणीच्या वेळी हे असतं, तर बापूआजाच्या शेताबद्दल कुणाला तरी जाब द्यावा लागला असता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं समाजात राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला.

बापूआजाला गावानं जे दिलं त्यात माया होती, सवय होती आणि थोडा जमिनीचा विचारही होता. त्यातली माया कायद्यानं मिळत नाही, पण मायेवर सोडलं की कोठीची कडी कुणी काढत नाही, हेही आजीनंच सांगितलं. म्हणून दोन्ही हवं. तालुक्याच्या गावी, बाजार चालत गाठता येईल अशा जागी, पाच-सहा जणांचं घर हवं. त्यात बाईच्या जातीलाही आखरावर उभं राहण्याची मोकळीक हवी. सांभाळणाऱ्या बाईला पगार हवा, सुट्टी हवी, म्हातारपणाची सोय हवी. घरीच मूल सांभाळणाऱ्या आईला महिन्यातले काही दिवस कुणीतरी बदली हवं. आणि शेजारी हवेत, नावानं हाक मारणारे.

पैसा कुठून येणार, असं विचारलं जाईल. महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला पाच टक्के हिस्सा दिव्यांगांवर खर्च करावा, असा नियम आहे. अनेक गावांत तो एखाद्या वस्तूच्या वाटपात आणि फोटोत संपतो. येत्या ग्रामसभेत उभं राहून तेवढं विचारा : या वर्षीचा पाच टक्के कुठे गेला, आणि आपल्या गावात दाराआड किती माणसं आहेत? उत्तर लिहून मागा, आणि त्या दारांपर्यंत जा.