खाडे तीन

आमच्या भीमाकाठच्या गावात दहाव्याला घाटावर एक वेगळाच कार्यक्रम असतो. पिंड मांडलेले असतात, कावळा लिंबावरून खाली उतरायला तयार नसतो, आणि इकडे माईक सुरू होतो. आधी कारखान्याचे संचालक, मग पंचायत समितीचे माजी सभापती, मग सोसायटीचे चेअरमन, शेवटी सोयऱ्यांतला एखादा मास्तर. आमदार आले नसतील तर त्यांच्या वतीनं कुणीतरी. हा क्रम चुकला की एखादा रुसून उठून जातो, म्हणून घरच्यांचा अर्धा जीव त्या यादीत अडकलेला असतो. 'मनमिळाऊ', 'अजातशत्रू', 'न भरून येणारी पोकळी' हे शब्द सगळ्यांच्या वाट्याला येतात. भावाशी बांधावरून वीस वर्षं कोर्टात भांडलेला एक माणूस आमच्या घाटावर अजातशत्रू झाला. भाऊ पहिल्याच रांगेत बसून मान हलवत होता.

माझी आजी सांगायची, तिच्या उमेदीत दहाव्याला कुणी भाषण करत नसे. बोलायच्या त्या बायका. हेल काढून, मेलेल्याला हाका मारत, त्याचं कामधाम, खाणंपिणं, राग-लोभ सगळं रडण्यातून सांगायच्या. त्यात गुण असायचे आणि गाऱ्हाणंही असायचं. "औषधाला पैका निघंना रं बाबा, आता तेराव्याला बुंदी निघंल," असं एखादी भावकीच्या तोंडावर बोलून जायची. रडत्या बाईला गप्प कोण करणार?

पुढं १ मे १९६२ ला राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. सहकारी साखर कारखाने उभे राहिले. गावात पदं आली, पदामागं भाषण आलं. आणि आमंत्रण न देता पाचशे माणूस जमतं असं ठिकाण म्हणजे दहावा. माईक पुरुषांच्या हातात गेला, बायका घाटाच्या मागच्या पायऱ्यांवर बसल्या. त्यांच्या रडण्यातलं गाऱ्हाणं भाषणात आलंच नाही.

भाषण मुळात वाईट नव्हे. फेब्रुवारी १९१५ मध्ये पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले वारले तेव्हा टिळक सिंहगडावर होते. बातमी कळताच ते खाली उतरले. दोघांचं राजकारणातलं वाकडं उभ्या महाराष्ट्राला माहीत होतं. तरी स्मशानात टिळक मनापासून गोखल्यांच्या मोठेपणाबद्दल बोलले, आणि जमलेल्यांना सांगितलं की या माणसाकडं बघा, त्याच्यासारखं व्हायचा प्रयत्न करा. नुसती स्तुती करून ते थांबले नाहीत, मागं राहिलेल्यांच्या अंगावर काम टाकलं. ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या समुद्रकाठी बाबासाहेबांना निरोप देताना आचार्य अत्रे बोलले, आणि त्याच ठिकाणी जमलेल्या लोकांनी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली. तिथंही निरोप शब्दांवर संपला नाही.

त्या दीक्षेची लाट आमच्या गावापर्यंत आली. तोवर मयताचा सांगावा घेऊन पाहुण्यांच्या गावी पायी जाणं हे महारकीचं काम होतं. ऊन असो, पाऊस असो, कुणी गेलं की वाड्यावरून हाक यायची. आमच्या सालगड्याच्या बापानं हे काम वर्षानुवर्षं केलं आणि दीक्षा घेतल्यावर सोडलं. पुढं १९५८ चा कायदा होऊन ही कनिष्ठ वतनंच गेली. साऱ्या पंचक्रोशीला मरणाच्या बातम्या पोचवणारा तो म्हातारा गेला, तेव्हा त्याच्याविषयी वाड्यावरचं कुणी चार शब्द बोललं नाही.

त्याचा मुलगा आमच्याकडं एकतीस वर्षं सालानं होता. त्याचं नाव इथं लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. तो वारला तेव्हा मी तालुक्याला नोकरीत होतो. वस्तीतल्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, मेणबत्त्या, पांढऱ्या कपड्यातली माणसं. त्रिशरण-पंचशील झालं आणि मला बोलायला उठवलं.

मी चांगलं बोललो, असं तेव्हा वाटलं. "आण्णा आमच्या घरातलेच होते," असं म्हणालो. माझे आजोबा गेले तेव्हा दहा दिवस ते आमच्या दारातून हलले नाहीत, लाकडं फोडली, पाणी भरलं, हेही सांगितलं. बोलताना माझा गळा दाटून आला.

माझ्यानंतर त्याची बायको उठली. विहारात बायकाही बोलतात. ती म्हणाली, "दादा बोलले ते ऐकायला आमचं माणूस पायजे हुतं. जल्मात त्यास्नी कुणी आण्णा म्हणलं न्हाई वाड्यावर." एवढंच बोलून ती बसली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण मला आठवलं, मी सहा-सात वर्षांचा असल्यापासून त्याला नावानं, अरे-तुरे हाक मारत होतो आणि तो मला 'धाकलं मालक' म्हणत होता. घरातल्याच या माणसाचा चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात असायचा.

कार्यक्रम झाल्यावर त्याच्या मुलानं मला एक वही दाखवली. बापानं प्रौढांच्या वर्गात अक्षरं गिरवली होती आणि आपल्या सालाचा हिशेब स्वतः ठेवला होता. उचल किती, फिटली किती, ज्वारी किती पायली, आणि शेवटी खाडे. एका पानावर लिहिलं होतं : 'आई वारली. खाडे ३.' खाली तीन दिवसांचे पैसे वजा केलेले.

मी तारीख पाहिली. माझे आजोबा त्याच साली गेले होते. आमच्या मयतात तो दहा दिवस राबला ते कामाचे दिवस धरले गेले, आणि स्वतःच्या आईला माती दिली ते तीन दिवस खाडे. कापणारे माझे वडील होते. ते दुष्ट नव्हते. साऱ्या गावात सालाचा रिवाजच तो होता, आणि म्हणूनच कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही ती वही बघेपर्यंत दिसलं नव्हतं.

चार वर्षांनी वडील गेले. घाटावर यादीप्रमाणं भाषणं झाली. संचालकांनी त्यांना 'गोरगरिबांचा कैवारी' म्हटलं. सालगड्याचा मुलगा आला होता, मागं उभा होता. मी सूत्रसंचालकाला चिठ्ठी पाठवली आणि त्याचं नाव पुकारायला लावलं. तो पुढं आला. "मालकांनी माझी बारावीची फी भरली होती," म्हणाला, नमस्कार केला आणि परत मागं जाऊन उभा राहिला. फी भरली होती हे खरंच होतं.

खाड्यांचं तो काही बोलला नाही. ते त्याचं काम नव्हतंच. शेवटी आभाराला मी उभा राहिलो. वहीतलं ते पान माझ्या डोळ्यांपुढं होतं. मी सर्व मान्यवरांचे पदानुक्रमे आभार मानले आणि माईक खाली ठेवला.