जामीन दोन हजारांचा

नागपुरात ‘पागलखाना’ हा शब्द कुणी आवाज खाली आणून उच्चारत नाही. ऑटोवाल्याला ‘पागलखाना चौक’ म्हटले की तो मुकाट मानकापूरकडे वळतो. फाटकावरच्या पाटीवर ‘प्रादेशिक मनोरुग्णालय’ असे लिहिले आहे आणि संस्था १८६४ सालची आहे. भाविक मात्र त्या जुन्या शब्दापुढे आणखी एक शब्द लावतात : पागलखाना शरीफ. फकीर बाबा ताजुद्दीन तिथे सोळा वर्षे होते, म्हणून ती जागाही त्यांच्या ताजबाग आणि वाकी या ठिकाणांच्या बरोबरीची.

वेड्यांच्या इस्पितळाला ‘शरीफ’ म्हणणारे शहर दुसरे कुठे असेल असे वाटत नाही. पण मला इथे श्रद्धेबद्दल लिहायचे नाही. ताजुद्दीनबाबांची चरित्रे उर्दूत, हिंदीत, मराठीत, इंग्रजीत आहेत. त्यांत चमत्कार भरपूर आहेत आणि चमत्काराला साक्षीपुरावा विचारणे हा फुकटचा उद्योग. पण त्याच चरित्रांत काही कोरड्या, हिशेबी गोष्टीही आहेत : दाखल झाल्याची तारीख, सुटल्याची तारीख, जामिनाची रक्कम. अशा गोष्टी भक्ताच्या भावनेतून सहसा निपजत नाहीत. त्या कुठल्यातरी कागदावरून येतात, निदान कागद पाहिलेल्या माणसाच्या आठवणीतून. त्या वेळचे कायदे, सरकारी अहवाल आणि पंचांग यांच्याशी त्या ताडून पाहता येतात.

पंचांगापासून सुरुवात करू, कारण ते कुणाच्या बाजूचे नसते. चरित्रे सांगतात की बाबांचा जन्म २७ जानेवारी १८६१ला कामठीत झाला, २६ ऑगस्ट १८९२ला त्यांना पागलखान्यात घातले, २१ सप्टेंबर १९०८ला ते सुटले आणि १७ ऑगस्ट १९२५ला, हिजरी १३४४च्या २६ मुहर्रमला त्यांचे निधन झाले. हिजरी १३४४चा पहिला दिवस गणिताने २२ जुलै १९२५ला येतो, म्हणजे २६ मुहर्रम १६ ऑगस्टला पडायला हवा. एक दिवसाचा फरक राहतो. पण इस्लामी महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो आणि हिंदुस्थानात तो गणितापेक्षा एक दिवस उशिरा दिसणे नेहमीचेच. तेव्हा हा फरक म्हणजे चूक नाही. उलट तारीख नंतर कुणी कोष्टकावरून बसवलेली नाही, याची ती खूण आहे. मागाहून बसवली असती तर ती तंतोतंत जुळली असती.

मधल्या दोन तारखांमधले अंतर सोळा वर्षे आणि सव्वीस दिवस. लोक तोंडाने ‘सोला साल’ म्हणतात, ते या हिशेबाशी जुळते. एवढ्याने तारखा सिद्ध होत नाहीत, पण त्या एकमेकींना खोटे पाडत नाहीत, आणि इतिहासात हेही थोडे नसते.

आता कामठी. १८२१मध्ये इंग्रजांनी कन्हान नदीकाठी तिथे छावणी वसवली. नागपूरचे राज्य तेव्हा भोसल्यांचे होते, पण १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ते नावापुरतेच उरले होते. छावणीत मद्रास फौजेच्या पलटणी आल्या आणि त्यांच्याबरोबर दक्षिणेतले मुसलमान शिपाई, त्यांची बायकामुले, त्यांची दखनी बोली. बाबांचे वडील सय्यद बदरुद्दीन फौजेत सुभेदार होते असे चरित्रे सांगतात. आईवडील लवकर गेले आणि मूल आजोळी वाढले. पुढे तेही फौजेत गेले, सागरला त्यांची नेमणूक झाली आणि तिथल्या दाऊद चिश्ती यांच्या दर्ग्यावर जाता जाता नोकरी सुटली.

इथे एक खडा लागतो. काही चरित्रांत पलटणीचे नाव ‘नागपूर रेजिमेंट नंबर १३’ असे येते. मद्रास फौजेत १३ क्रमांकाची पायदळ पलटण होती. १९०३च्या फेरआखणीत तिला ७३वी कर्नाटिक पलटण हे नाव मिळाले. तिच्या नावात नागपूर नव्हते. कामठीकरांच्या तोंडी मात्र गावात असलेली पलटण म्हणजे ‘नागपूरची पलटण’ होणे अगदी स्वाभाविक. आकडा कागदाचा आणि नाव गावाचे, असा हा जोड असावा. चरित्रकाराने खोटे लिहिले असे म्हणण्याची घाई मी करणार नाही.

नोकरी सुटल्यावरचा काळ कामठीच्या रस्त्यांवरचा. अंगावर कपडा असला तर असला, खाण्याची शुद्ध नाही, पोरे दगड मारतात, आणि त्याच वेळी काही लोक नवस घेऊन मागे लागतात. सूफी परंपरेत अशा माणसासाठी ‘मज्जूब’ हा शब्द आहे : ईश्वराने ओढून घेतलेला, म्हणून लौकिकाच्या नियमांतून सुटलेला. छावणीच्या दप्तरात हा रकाना नव्हता.

पुढची कथा सगळ्यांना पाठ आहे. एके दिवशी छावणीतल्या टेनिसच्या मैदानावर बाबा नग्नावस्थेत गेले, गोऱ्या बाया किंचाळल्या आणि दंडाधिकाऱ्याने त्यांना पागलखान्यात धाडले. भक्त म्हणतात, गर्दीला कंटाळून बाबांनीच हा घाट घातला. आपण आता पागलखान्यात जाणार, असे ते आधीच बोलले होते. इंग्रजद्वेष्टा म्हणेल, साहेबांनी सूड घेतला. दोन्ही कथांना टेनिसचे मैदान लागतेच. कायद्याला मात्र ते लागत नाही.

त्या वेळी लागू होता तो १८५८चा ३६वा कायदा, वेड्यांच्या इस्पितळांचा. त्यात पोलिसांवर एक कर्तव्य घातले होते : हद्दीत मोकाट भटकणारा आणि वेडा समजला जाणारा कुणीही माणूस धरून दंडाधिकाऱ्यापुढे उभा करायचा. गुन्हा घडायलाच हवा असे नाही, कुणाची तक्रारही नको. ‘भटकणारा’ आणि ‘वेडा समजला जाणारा’ एवढे पुरे. दंडाधिकाऱ्याने डॉक्टरच्या मदतीने तपासायचे, डॉक्टरने दाखला द्यायचा आणि हुकूम निघायचा. १८८९च्या कायद्याने छावणीचा कारभार आणखी आवळला होता, आणि छावणीत फकीर मोकाट फिरणे साहेबाला कधीच रुचत नसे. शिपायांचा फकिरांवर असलेला विश्वास १८५७नंतर साहेबाच्या डोळ्यांत खुपतच होता. कपड्यांचे भान नसलेला, मागे शिपायांचा आणि बाजारकऱ्यांचा घोळका घेऊन फिरणारा, फौजेतून सुटलेला तिशीचा माणूस या कायद्याच्या जाळ्यात कधी ना कधी सापडणारच होता. मैदानावरचा प्रसंग घडला असेल तर ते निमित्त. न घडला तरी निकाल तोच.

आणि आता १८९२ या सालाकडे जरा थांबून पाहू, कारण इथे योगायोग मोठा आहे.

मार्च १८९३मध्ये विल्यम केन या खासदाराने ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानातल्या गांजाबद्दल प्रश्न विचारला. गांजाने लोक वेडे होतात आणि सरकार त्यावर कर कमावते, असा आरोप होता. हा कर मध्य प्रांतालाही परका नव्हता, खंडव्याकडचा गांजा प्रसिद्धच होता. जुलैत सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याच्या सभासदांत मध्य प्रांतातले कमिशनर ए. एच. एल. फ्रेझर होते. आयोगाने ११९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४मध्ये अहवाल दिला. पण त्याचे सर्वांत चिकाटीचे काम वेगळेच होते. ‘गांजाने वेड लागते’ या समजाचा आधार काय, तर वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक तक्ते. म्हणून आयोगाने एकच वर्ष घेतले आणि त्या वर्षी दाखल झालेल्या रुग्णांची प्रकरणे पुन्हा उघडली, गावोगाव चौकशी करवून. ते वर्ष १८९२.

त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या इस्पितळांत १३४४ माणसे दाखल झाली होती. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा, भांग किंवा चरस लिहिले होते. फेरतपासणीत त्यांतले फक्त ९८ उरले. बाकीच्यांचे कारण कुणी लिहिले? रुग्णाबरोबर पोलिसांकडून वर्णनाचा कागद येई, त्यात कारणाचा रकाना असे, आणि रकाना मोकळा सोडण्यापेक्षा ‘गांजा’ लिहिणे सोपे होते. इस्पितळातला डॉक्टर तेच तक्त्यात उतरवून घेई. फकीर दिसला, चिलीम दिसली, संपले. आयोगाने सरकारच्याच तक्त्यांवर सरकारच्याच खर्चाने असा ठपका ठेवला, ही त्या अहवालातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

बाबांच्या कागदावर कारण कोणते होते याचा अंदाज बांधण्यात मला रस नाही. सांगायचे एवढेच की चरित्रातली तारीख बरोबर असेल तर १३४४ मधला एक आकडा कामठीचा आहे. तक्त्यांत माणसे नावाने येत नाहीत. ‘गुन्हेगार’ की ‘बिनगुन्हेगार’, हिंदू की मुसलमान, बरा झाला की मेला, अशा रकान्यांतून येतात. ज्या माणसाच्या नावाने पुढे लाखोंची जत्रा भरू लागली तो एका वर्षी सरकारच्या बेरजेतला एक होता. आणि ती बेरीज चुकीच्या कारणांनी भरलेली आहे, हे खुद्द सरकारी आयोगानेच छापून ठेवले आहे.

आतल्या सोळा वर्षांबद्दल भक्तांच्या कथा पुष्कळ आहेत : भेटायला येणारे वाढले म्हणून तिकीट लावले, डॉक्टरच शिष्य झाले. कायद्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र निश्चित. इस्पितळावर किमान तीन अभ्यागत नेमायचे, त्यांतला एक डॉक्टर, आणि त्यांनी महिन्यातून एकदा तरी पाहणी करायची. तिघांनी लेखी दिले तर रुग्णाला सोडता येई. सोळा वर्षांत अशा सुमारे १९० पाहण्या होतात. त्यांतल्या एकीतही बाबा सुटले नाहीत. ते सुटले दुसऱ्याच वाटेने.

चरित्रांतला सर्वांत हिशेबी तपशील याच वाटेचा आहे. रघुजीराव भोसले यांनी २००० रुपयांचा जामीन भरला आणि बाबांना शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात, लाल कोठीत नेले. राजाने फकीर सोडवला, हे ऐकायला लोककथेसारखे वाटते. मलाही पहिल्यांदा तसेच वाटले होते. पण १८५८च्या कायद्यात ही वाट स्पष्ट लिहिलेली आहे. रुग्णाची नीट काळजी घेऊ, त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू देणार नाही, अशी हमी अधिकाऱ्याचे समाधान होईल अशी दिली तर रुग्ण हमीदाराच्या ताब्यात देता येई. म्हणजे जामीन हा कथेतला अलंकार नव्हे. त्यावाचून सुटका झालीच नसती. दोन हजार ही रक्कम १९०८मध्ये मोठी होती, पण पेन्शनदार राजाच्या आवाक्यातली.

रघुजीराव तोवर राजे होते ते पदवीपुरते. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. दत्तक जानोजींना पुढे ‘देऊरचे राजाबहादूर’ ही पदवी आणि सातारा जिल्ह्यातले देऊर गाव मिळाले, नागपूर नाही. त्यांच्यानंतरचे हे रघुजीराव. हिंदू राजाचे मुसलमान फकिरावर प्रेम, असे म्हणून आपण खूश होतो, पण नागपुरात ही गोष्ट नवी नव्हती. शहर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह मुसलमान झालेला होता. औरंगजेबाने दिलेले ‘बख्त बुलंद’ हे नाव नंतर चिडून ‘निगून बख्त’, म्हणजे करंट्या नशिबाचा, असे बदलायला लावले होते. त्याच्या वारसांच्या भांडणात पहिले रघुजी भोसले मध्ये पडले आणि १७४३मध्ये राज्य त्यांच्या हाती आले. तरी बुरहान शाहाला त्यांनी राजा ही पदवी आणि तनखा देऊन नागपुरातच ठेवले. भोसल्यांच्या गादीशेजारी एक मुसलमान राजा पिढ्यान्‌पिढ्या बसलेला होता. वाड्यात फकीर आणणे या घराण्याला अवघड जावे असे काही नव्हते.

कायद्याच्या त्या कलमात ताबा मागणाऱ्यासाठी दोनच शब्द होते : नातेवाईक किंवा मित्र. भोसले नातेवाईक नव्हते. तेव्हा अर्जात, तो कसाही लिहिला असो, सरकारच्या लेखी राजाबहादूर रघुजीराव हे कामठीच्या सुभेदाराच्या मुलाचे मित्र ठरतात.

मित्राने वाड्यात आणले, पण पाहुणा तिथे बसून राहिला नाही. तो सावनेर तालुक्यातल्या वाकीला गेला, कन्हानच्याच काठी, काशिनाथ पाटलांकडे. तिथे झाडाखालच्या एका जागेला बाबा शिफाखाना म्हणत, दुसरीला मदरसा, असे वाकीत आजही दाखवतात. पागलखान्यातून सुटलेल्या माणसाने आपले इस्पितळ आंब्याच्या सावलीत मांडले होते. लोक तिथे येऊ लागले. १९१५मध्ये पुण्याचे मेहेरबाबा त्यांना भेटून गेले. त्यांनी ज्या पाच जणांना आपले सद्गुरू मानले त्यांत शिर्डीचे साईबाबा, साकुरीचे उपासनी महाराज, केडगावचे नारायण महाराज, पुण्याच्या बाबाजान यांच्या जोडीला ताजुद्दीनबाबा आहेत. १८५८चा कायदा १९१२मध्ये रद्द झाला. १९२०नंतर सरकारने ‘असायलम’ हा शब्दही टाकून ‘मेंटल हॉस्पिटल’ म्हणायला सुरुवात केली. मानकापूरच्या चौकाने ते ऐकले नाही.

बाबा शेवटी शक्करदऱ्याला परतले आणि १७ ऑगस्ट १९२५ला तिथेच गेले. तो सोमवार होता. उमरेड रस्त्यावर ताजाबादला त्यांना दफन केले. मोठा ताजबाग म्हणतात तो हाच. सरकारी भिंतीआड बाबा सोळा वर्षे आणि सव्वीस दिवस होते. मित्राने दिलेली ‘नीट काळजी घेऊ’ ही हमी त्याहून दहा महिने जास्त चालली.