आजीचे मत

२० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्राच्या विधानसभेसाठी मतदान झाले. माझ्या नातीचे ते पहिलेच मत. निघण्यापूर्वी मी तिला सहज विचारले, “मत कसे द्यायचे, ठाऊक आहे ना?”

ती हसली. “बटण दाबायचे, आबा! त्यात शिकायचे काय?”

तिचे काही चुकले नव्हते. पण त्या एका प्रश्नाने माझी आजी डोळ्यांपुढे उभी राहिली. दिवाळीच्या फराळाबरोबर थोडा इतिहास चालणार असेल, तर वाचकहो, तिची हकीकत सांगतो.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. १९३७ साली मुंबई इलाख्याच्या विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा मत मिळे ते सारा, भाडे, कर किंवा शिक्षण पाहून. आजोबा सारा भरत, म्हणून त्यांचे नाव यादीत होते. आमच्या शेतावर राबणाऱ्या गड्याचे नव्हते आणि आजीचेही नव्हते. प्रत्येक प्रौढ माणसाला मत हवे, ही मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ सालीच सायमन कमिशनपुढे मांडली होती. ती फळाला यायला १९५० ची राज्यघटना उजाडावी लागली. एकवीस वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकाला मत मिळाले. धनी आणि गडी, नवरा आणि बायको एका यादीत आले.

पण अधिकार देणे निराळे आणि तो वापरता येणे निराळे. १९५१ च्या जनगणनेत शंभरांत जेमतेम अठरा माणसे साक्षर निघाली होती. सतरा कोटींहून अधिक मतदार, आणि त्यांतल्या बहुतेकांना उमेदवाराचे नावही वाचता येईना! देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी यावर सोपी तोड काढली. प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र, आणि पेटीवर त्याचे चिन्ह. बैलजोडी, झाड, झोपडी, हत्ती, ज्याला जे हवे त्या पेटीत कागद टाकावा. खूण करायला नको, लिहायला नको. त्यासाठी वीस लाखांच्या घरात पोलादी पेट्या तयार करवून घेतल्या गेल्या.

दुसरी अडचण नावांची. उत्तरेकडच्या अनेक प्रांतांत यादी करणाऱ्यांना बायका स्वतःचे नाव सांगेनात. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगत. सेनसाहेबांनी ठरवले की अशी नोंद चालणार नाही. मतदाराला स्वतःचे नाव हवे. त्यापायी सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. निर्णय कठोर खरा. पण त्यामागचे म्हणणे असे की, मत माणसाचे असते, नात्याचे नव्हे.

आमच्या घरीही आजीला तिच्या नावाने हाक मारणारे कुणी उरले नव्हते. ती कुणाची वहिनी, कुणाची काकू, कुणाची जाऊबाई. १९५२ साली शाळेतल्या मतदान केंद्रावर कारकुनाने तिचे नाव मोठ्याने पुकारले, तेव्हा ती क्षणभर इकडेतिकडेच पाहत राहिली म्हणे. नवऱ्याचे नाव विचारल्यावर तर तिने तिथेच उखाणा घेतला! साहेबांनी हसून कागद हाती दिला. १९५७ सालीही, संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीत, ती पडद्याआड गेली, पेट्या न्याहाळल्या, हवी ती शोधली आणि मत टाकून आली.

या पद्धतीत एक खोट होती. पडद्याआड गेलेला माणूस कागद पेटीत न टाकता कनवटीला लावून बाहेर आणू शके, आणि मग तो विकलाही जाऊ शके. शिवाय जितके उमेदवार तितक्या पेट्या. म्हणून १९६२ पासून पद्धत पालटली. सगळ्यांची चिन्हे एकाच कागदावर छापायची, मतदाराने हव्या त्या चिन्हावर शिक्का मारायचा आणि कागद सामाईक पेटीत टाकायचा. शिक्क्याची आकृतीही विचारपूर्वक ठरवलेली. कागदाची घडी घालताना ओली शाई दुसऱ्या बाजूला उमटली, तरी ती उलटी उमटे, आणि खरा ठसा कोणता ते मोजणाऱ्याला लगेच कळे.

फेब्रुवारी १९६२ ची ती दुपार मला चांगली आठवते. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची विधानसभेची पहिली निवडणूक. लोकसभेचे मतदानही त्याच वेळी. मी नऊ वर्षांचा, आजीचा पदर धरून शाळेपर्यंत गेलो आणि व्हरांड्यात थांबलो. आजी बाहेर आली ती गोंधळलेलीच. वाटेत शेजारच्या मावशी शिक्का नीट उमटला की नाही, ते सांगू लागल्या. आजी थबकली.

“शिक्का? कसला शिक्का?”

आडोशाला टेबलावर शिक्का होता. तो तिने पाहिलाही होता. पण कुणा साहेबाची सरकारी वस्तू चुकून राहिली असेल, तिला आपण कशाला हात लावा, असे तिला वाटले. पेट्यांची ओळ काही दिसेना, तेव्हा तिने दोन्ही कोरे कागद नीट घडी घालून पेटीत टाकले होते.

आजोबा म्हणाले, “जाऊ दे. एका मताने काय होतंय?”

“तुमच्या लेखी एक असेल,” आजी म्हणाली, “माझं तेवढंच होतं.”

त्यानंतर ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. कुणी तिला लुबाडले नव्हते, कुणी अडवले नव्हते. रीत बदलली, आणि तिला ती कुणी समजावून सांगितली नाही, इतकेच.

पाच वर्षांनी, १९६७ च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आजीने आळीतल्या सगळ्या बायकांना आग्रहाने बोलावले. मला कागदांवर चित्रे काढायला बसवले. कुंकवाच्या करंड्याच्या झाकणाला काजळ लावून एकेकीकडून ठसा मारून घेतला. ठसा दोन चित्रांच्या मधल्या रेघेवर पडला, की आजी म्हणे, “वाया गेलं! पुन्हा मार.” मत कुणाला द्यायचे, हे मात्र तिने कुणाला सांगितले नाही आणि कुणाला विचारलेही नाही.

पुढे आजी गेली, शिक्काही गेला. १९८२ साली केरळातल्या परवूर मतदारसंघात काही केंद्रांवर प्रथम मतदान यंत्र आले. १९९९ साली गोव्याची सगळी विधानसभा निवडणूक यंत्रांवर झाली, आणि २००४ ची लोकसभा सर्व देशभर. मताचे वय १९८९ सालीच अठरावर आले होते. आता बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्राच्या काचेआड चिठ्ठी दिसते. त्यावर आपलेच चिन्ह आहे ना, हे पाहायला सात सेकंद मिळतात.

हे सारे नातीला सांगतच आम्ही केंद्रावर पोहोचलो. अधिकाऱ्याने तिचे नाव मोठ्याने वाचले, डाव्या तर्जनीवर शाई लावली, सही घेतली. ती आत गेली. बाहेर येऊन म्हणाली, “आबा, चिठ्ठी पडेपर्यंत थांबले. नीट पाहिली.”

परतताना आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाई भेटल्या. यंत्राला हात लावायची भीती वाटते, म्हणून त्या घरीच थांबल्या होत्या. माझ्या नातीने त्यांना तिथेच फाटकाशी थांबवले आणि हातातल्या वहीवर पेनने चौकोन काढून दाखवू लागली.